ट्यूना नूडल कॅसरोल कोरडा गोळा होतोय, नेहमी करणारं कुणी आहे का इथे?

पारिजात_ओहायो

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे कारण गुरुवारी परत करायचं ठरवलंय.

आम्ही कोलंबसजवळ राहतो, लेक दुसरीत आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या मित्राकडे जेवला आणि तेव्हापासून "आई, ते नूडल्सवालं कर ना, वर कुरकुरीत असतं ते" हे रोजचं झालंय. मित्राच्या आईला विचारलं तर कळलं की ते ट्यूना नूडल कॅसरोल, तिच्या आजीच्या वेळेपासून त्यांच्या घरी करतात, आणि तिच्या मते त्यात काहीच कठीण नाही, सूपचा डबा, नूडल्स, ट्यूना, सगळं कालवायचं आणि ओव्हनमध्ये ढकलायचं.

म्हणून मी केलं. रुंद एग नूडल्सची १२ औंसची पिशवी उकडली, क्रीम ऑफ मशरूम सूपचा एक डबा, ट्यूनाचे दोन डबे, वाटीभर मटार, थोडं दूध, वरून चीज, ३७५ फॅरनहाइटला ४० मिनिटं. बाहेर काढलं तर वरचं चीज चामड्यासारखं वातड आणि आत नूडल्सचा गिच्च गोळा, उलथन्याने अक्षरशः वड्या पडत होत्या. शिवाय घरभर डबाबंद मासळीचा वास, तो रात्रीपर्यंत जाईना. नवरा रत्नागिरीचा, ताज्या मासळीवर वाढलेला, त्याने एक घास घेतला आणि काही न बोलता ताकभात कालवला. लेकाने मात्र मनापासून खायचा प्रयत्न केला, अर्धी प्लेट संपवली आणि मग हळूच म्हणाला, "आई, त्यांच्याकडे ओलं होतं." ते माझ्या मनाला फार लागलंय.

मंगळवार-गुरुवार त्याचं स्विमिंग असतं. मी ६ ला घरी येते आणि बापलेक पावणेसातला येतात ते भुकेने कासावीस होऊनच, म्हणजे माझ्या हातात ४५ मिनिटं. तर कोरडं का पडलं, वास कसा घालवायचा, डब्याच्या सूपशिवाय जमतं का आणि आदल्या रात्री भरून ठेवता येतं का, एवढं सांगा. एक विनंती, गरम मसाला, हिरवी मिरची, कढीपत्ता घाला असं सांगू नका. मला ते सगळं आवडतं पण त्याला मित्राच्या घरची चव हवी आहे आणि मला त्याला तीच द्यायची आहे.

---

हिमकण

पारिजात, आधी मनाला लावून घेणं सोड, तुझं फक्त प्रमाण चुकलंय. मी मिनेसोटात १८ वर्षं आहे आणि थंडी सुरू झाली की आमच्याकडे महिन्यातून दोनदा तरी हे होतं.

सूपचा तो साडेदहा औंसचा एक डबा साधारण ४ औंस कोरड्या नूडल्सना पुरतो, सोबत अर्धा कप दूध. तू १२ औंसची अख्खी पिशवी घातलीस, म्हणजे तिप्पट! त्या बिचाऱ्या नूडल्सनी असेल नसेल तेवढा ओलावा पिऊन टाकला आणि ४० मिनिटांत उरलेला ओव्हनने ओढला. गोळा होणार नाही तर काय होणार. तुम्ही तिघंच आहात ना, मग ८ औंस नूडल्स घे, दुसऱ्या दिवशीच्या डब्यालाही उरेल.

दुसरी गोष्ट, नूडल्स पूर्ण शिजवायच्या नाहीत. पिशवीवर जी वेळ लिहिलेली असते त्याच्या दोन मिनिटं आधीच चाळणीत ओतायच्या, दाताखाली मधोमध जराशी कणी लागली पाहिजे. त्यांचं उरलेलं शिजणं सॉसमध्ये होतं. आणि ओतण्याआधी त्यातलं कपभर पाणी बाजूला काढून ठेव, ते पाणी सॉस सैल करायला सोन्यासारखं असतं.

आता सॉस. डब्यातलं सूप वापरायचं तर ८ औंसला दोन डबे आणि एक कप दूध, आणि कमी मिठाचं मिळतं तेच घे, कारण पुढे चीज आणि ट्यूना दोन्ही खारट. घरी करायचा असेल तर तोही १० मिनिटांत होतो, नूडल्सचं पाणी उकळेपर्यंत तयार. ४ टेबलस्पून बटरवर एक छोटा कांदा आणि सेलरीचा एक दांडा अगदी बारीक चिरून परत, ५-६ मशरूम घाल, त्यांचं पाणी आटू दे, मग ४ टेबलस्पून मैदा घालून दोन मिनिटं भाज. भाजायचा म्हणजे लाल करायचा नाही, नुसता कच्चा वास जाईपर्यंत. मग ३ कप दूध, पहिला कप थोडा थोडा करून आणि हात सतत चालू, एकदा गुठळी मोडली की उरलेलं एकदम ओतलं तरी चालतं. मीठ, मिरपूड, अर्धा चमचा मोहरीची पूड. (तू मसाला नको म्हणालीस पण मोहरीची पूड इथल्या बायकाही घालतात, तिखट लागत नाही, चीजची चव उठून येते.) गॅस बंद करून मग कपभर चेडर. चीज अख्ख्या ठोकळ्यातून किसून घे, आयतं किसलेलं चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च लावलेला असतो, त्यामुळे ते गुळगुळीत वितळत नाही.

सॉस किती पातळ हवा हे मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं म्हणून तुला मुद्दाम सांगते. कढीपेक्षा दाट, पिठल्यापेक्षा पातळ. नूडल्स, मटार आणि ट्यूना कालवल्यावर डिश हलवली तर सगळं डुचमळलं पाहिजे. तुला वाटेल, अरे हे तर फारच पातळ झालं, तसंच राहू दे. दाट वाटलं तर ते बाजूला ठेवलेलं पाणी घाल. मटार फ्रीझरमधून काढून थेट घाल, शिजवू नकोस, हिरवेगार राहतात.

ओव्हन ३७५ आणि फक्त २० ते २५ मिनिटं. आतलं सगळं शिजलेलंच आहे, आपल्याला फक्त कडेने बुडबुडे यायला आणि वरचं सोनेरी व्हायला हवंय. ४० मिनिटं कधीच नाही. नुसतं चीज वर ठेवलं की वातड होतंच, म्हणून चीज आत आणि वर कुरकुरीत काहीतरी, बटरात घोळलेला ब्रेडचा चुरा किंवा खारी बिस्किटं किंवा बटाट्याचे वेफर्स हाताने चुरून. तुझ्या लेकाला जे "वर कुरकुरीत" आठवतंय ते बहुतेक वेफर्स किंवा बटरवाली क्रॅकर्स असणार, मित्राच्या आईला तेवढं एक विचार, त्याच्यासाठी तीच खूण आहे.

आमच्या इथे याला कॅसरोल म्हणत नाहीत, हॉटडिश म्हणतात, आणि त्याचं इथे खरंच प्रेम आहे. १९३० साली मंकेटो गावातल्या चर्चच्या बायकांनी काढलेल्या पाककृतींच्या पुस्तकात हॉटडिश छापलेली सापडते. क्रीम ऑफ मशरूम सूप कॅम्पबेल कंपनीने १९३४ मध्ये आणलं आणि मग ते प्रत्येक भांड्यात शिरलं, इतकं की इथे लुथरन (ख्रिश्चनांमधला एक पंथ) लोक पुष्कळ म्हणून त्या सूपला "लुथरन बाइंडर" म्हणतात.

माझी मुलगी जानेवारीत झाली, बाहेर उणे २०, घरचं कुणी इथे नाही. तिसऱ्या दिवशी समोरच्या घरातल्या सत्तरीच्या बाई बर्फातून चालत ट्यूना हॉटडिश घेऊन आल्या. टॉवेलमध्ये गुंडाळलेली काचेची डिश, आणि तळाला चिकटपट्टीवर पेनने त्यांचं नाव लिहिलेलं, भांडं परत घरी यावं म्हणून. मी ते नाव बघितलं आणि आईच्या भांड्यांवर कोरलेली नावं आठवून तिथेच रडले. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत म्हणून मी नारळाच्या वड्या घालून पाठवली. आम्ही अजून एकमेकींकडे तीच डिश फिरवतोय. म्हणून सांगते, हा पदार्थ साधा आहे पण हलका नाही.

---

गेदर_मालवण

हिमकणताईंनी सॉसचं सगळं सांगितलं, मी मासळीचं सांगतो, मूळ मालवणचा, आता जर्सी सिटीत.

ताई, तुमच्या मिस्टरांना सांगा की ट्यूना म्हणजे काही परकं नाही, आपला कुपा आणि गेदर ही त्याचीच भावंडं. रत्नागिरीच्या माणसाने घरी गेदराचं सुकं खाल्लेलंच असेल. ते मांस मुळातच कोरडं आणि लाल, त्यात डब्यात आधीच शिजवलेलं असतं. ते परत ४० मिनिटं भट्टीत राहिलं की वास सुटणारच आणि भुसा होणारच.

डब्यावर नीट वाचा. चंक लाइट लिहिलेलं असेल तर ते बहुतेक स्किपजॅक जातीचं ट्यूना असतं, रंगाने गडद, वासाला उग्र, किंमत कमी. अल्बाकोर म्हणजे पांढरं, मोठे तुकडे, वास सौम्य. वासाचा त्रास असेल तर अल्बाकोरकडे हात जातो, पण लहान मूल आहे म्हणून एक सांगतो, मोठ्या माशात पारा जास्त साठतो आणि अल्बाकोरमध्ये तो लाइटपेक्षा जास्त असतो. एफडीएच्या (अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याच्या) यादीत लाइट ट्यूना मुलांसाठी पहिल्या, म्हणजे सगळ्यात चांगल्या गटात आहे आणि अल्बाकोर दुसऱ्या. आठवड्यात मुलांना मासे दोनदा द्या म्हणतात, दुसरीतल्या मुलाला एका वेळी २-३ औंस. दोन डब्यांचं कॅसरोल सहा ताटांत वाटलं तर त्याच्या वाटणीला दीडेक औंस येतो, म्हणजे अगदी निर्धास्त. मी घरी लाइटच आणतो आणि वासाचा बंदोबस्त वेगळा करतो.

तो असा. डबा उघडून सगळं पाणी किंवा तेल काढून टाकायचं, चाळणीत घालून वाटीच्या बुडाने दाबायचं, पार कोरडं. हे पाणी म्हणजेच तुमच्या घरातला तो वास. मग अर्ध्या लिंबाचा रस, मिरपूड, आणि काटा घेऊन मोठे तुकडे ठेवून सोडवायचं. आपण मासळीला आधी लिंबू किंवा आगळ लावून ठेवतो तेच इथे. सॉस होईपर्यंत तसंच राहू द्या. आणि सॉसमध्ये अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर घालायचं, चमच्याने घोटायचं नाही, हलक्या हाताने वरखाली. पहिल्यांदा माझ्याकडून घोटलं गेलं आणि सगळ्या सॉसची करडी पेस्ट झाली, तेव्हापासून मी फार सांभाळून करतो.

डबे लगेच पिशवीत बांधून बाहेर टाका, अर्धा वास सिंकमधल्या रिकाम्या डब्यांचाच असतो.

---

सदाशिव_पेठकर

पुण्यातून. इथे करणाऱ्यांसाठी थोडं लिहितो कारण मुलगी बॉस्टनहून शिकून आली आणि आता आमच्याकडे हे पावसाळ्यात होतं.

रुंद एग नूडल्स इथे सहज मिळत नाहीत, हक्का नूडल्स घेऊ नका, त्यांचा लगदा होतो, आम्ही दोनदा करून बघितलंय. फुसिली किंवा पेने घ्या, वळणांत सॉस अडकून राहतो. ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) असेल तर १९० डिग्री सेल्सिअस, खालचा-वरचा दोन्ही रॉड चालू, पण ओटीजी लहान असतो आणि वरचा रॉड अगदी जवळ येतो त्यामुळे पहिली १५ मिनिटं फॉइल झाकून आणि शेवटची ८-१० मिनिटं उघडं. प्रोसेस्ड चीज वापरलं तर सॉसमध्ये मीठ अजिबात घालू नका, शेवटी चाखून बघा.

आणि वरच्या चुऱ्यासाठी बेकरीतली खारी! हाताने चुरायची, पदर सुटे होतात आणि भट्टीत परत फुलल्यासारखे कुरकुरीत होतात. बटर वेगळं लावायची गरजच नाही. अमेरिकेतल्या मंडळींना भारतीय दुकानात खारीचं पाकीट मिळतं, एकदा नक्की करून बघा.

---

शेवंता८२

आम्ही मासे खात नाही पण फोटो बघून मुलं मागे लागली आहेत. ट्यूनाऐवजी काय घालू? मशरूम धाकट्याला चालत नाही.

---

हिमकण

शेवंता, उकडलेले छोले काट्याने अर्धवट ठेचून घाल, लिंबू आणि मिरपूड लावून, ट्यूनासारखाच पोत येतो. मशरूमऐवजी ब्रोकोलीचे छोटे तुरे, नूडल्सच्याच पाण्यात शेवटच्या मिनिटाला टाकायचे आणि सगळं एकदम चाळणीत. फक्त एग नूडल्सऐवजी साधा पास्ता घे, तुमच्याकडे अंडं चालतं का ते लिहिलं नाहीस.

आणि पारिजातचा एक प्रश्न माझ्याकडून राहिलाच, आदल्या रात्री भरून ठेवायचा. चालतं, पण रात्रभरात नूडल्स परत सॉस पितात म्हणून अर्धा कप दूध जास्त घालायचं, आणि वरचा चुरा आत्ता नाही, भट्टीत जातानाच. फ्रिजमधली थंड काचेची डिश गरम ओव्हनमध्ये ठेवू नकोस, तडकते, माझ्या ओळखीच्या घरात अख्खं जेवण काचांसकट फेकावं लागलं होतं. घरी आल्या आल्या डिश ओट्यावर काढ, ओव्हन तापेपर्यंत थोडी तरी उबते, किंवा सरळ धातूच्या ट्रेमध्येच भर. थंड असेल तर फॉइलखाली ३० मिनिटं, मग चुरा घालून उघडं १० मिनिटं. तुझ्या ४५ मिनिटांत हेही बसतं पण काठावर. मला विचारशील तर गुरुवारी ताजंच कर, आदल्या रात्री फक्त सॉस करून ठेव. तो फ्रिजमध्ये घट्ट होईल, दूध घालून मंद आचेवर सैल करायचा.

---

पारिजात_ओहायो

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, आज केलं, आणि सविस्तर लिहितेय कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं आपलेपणाने सांगितलंत.

बुधवारी रात्री लेक झोपल्यावर सॉस करून ठेवला. डब्याचं सूप नाही, घरचाच, मशरूम आणि सेलरी घालून. सकाळी बघितलं तर अगदी खरवसासारखा थिजलेला, मी जरा घाबरलेच पण हिमकणताईंनी लिहिलं होतं म्हणून धीर धरला. संध्याकाळी सव्वासहाला पाणी उकळत होतं, दुसऱ्या बर्नरवर सॉसमध्ये पाऊण कप दूध घालून हलवत होते, गेदरदादांनी सांगितलं तसं ट्यूना चाळणीत दाबून लिंबू लावून ठेवलं होतं (किती पाणी निघालं त्यातून, मागच्या वेळी मी ते सगळं भांड्यात ओतलं होतं). नूडल्स दोन मिनिटं आधी काढल्या. सगळं कालवल्यावर इतकं पातळ दिसत होतं की हात मैद्याच्या डब्याकडे गेला होता, पण नाही घातला. डिश हलवून बघितली, डुचमळत होतं.

शेजारणीला विचारलं होतं, त्यांच्याकडे वर बटाट्याचे वेफर्सच असतात, साधे खारे. तेच चुरले. ६.२५ ला आत आणि ६.४५ ला कडेने बुडबुडे, वर सोनेरी. तेवढ्यात दार वाजलं. लेक ओल्या केसांनी तसाच किचनमध्ये आला आणि ओव्हनच्या काचेला नाक लावून उभा राहिला. पाच मिनिटं थांबायला लावलं, मग वाढलं. पहिला घास घेतला, चावला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला "हां." एवढंच. मग दोनदा घेतलं.

नवऱ्याने आधी वास घेतला, मग थोडंसं वाढून घेतलं, मग उठून फ्रिजमधला ठेचा आणला आणि कडेला लावून शांतपणे सगळं संपवलं. गेदराचं सांगितल्यावर म्हणाला की त्याची आई गेदर आधी उकडून मग सुकं करायची, आणि मग अर्धा तास आईच्या स्वयंपाकाबद्दल बोलत बसला, इतक्या वर्षांत मी हे त्याच्याकडून कधी ऐकलं नव्हतं.

फक्त मीठ जरा जास्त झालं, वेफर्सचं मीठ मी धरलंच नव्हतं. पुढच्या वेळी सॉसमध्ये कमी.

आता शेवटचं, उरलेलं आहे आणि लेकाला उद्या शाळेच्या डब्यात तेच हवंय. शाळेत गरम करायची सोय नाही. काय करू?

---

हिमकण

वाचून डोळे भरून आले गं. त्याचं ते "हां" मला ऐकू आलं.

थर्मासचा रुंद तोंडाचा डबा आहे ना? सकाळी त्यात उकळतं पाणी भरून पाच मिनिटं झाकून ठेव. तोवर कॅसरोलमध्ये दोन-तीन चमचे दूध घालून मायक्रोवेव्हमध्ये झाकून गरम कर, मधेच एकदा ढवळ, आणि नुसतं कोमट नाही, पार वाफाळतं, १६५ डिग्री फॅरनहाइटच्या वर. मग पाणी ओतून दे आणि लगेच भरून झाकण घट्ट लाव. दुपारपर्यंत गरम राहतं. वेफर्स वेगळ्या छोट्या डबीत दे, तो खाताना वर घालेल. उरलेलं फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगलं राहतं, त्यापुढे ठेवू नकोस.

---

पारिजात_ओहायो

डबी मिळाली, मीठ-मिरपुडीची जुनी होती ती घासून ठेवली. वेफर्स आत्ताच चुरून भरून ठेवतेय, सकाळी वेळ नसतो.